रस्ता काँक्रीटचा करा, पण गल्लीचं गल्लीपण मोडू नका

प्रति,
शहर अभियंता, तसेच पथ, उद्यान व विद्युत विभाग आणि क्षेत्रीय कार्यालयातील अधिकारी

विषय : 12 मीटर रुंदीच्या अंतर्गत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा नकाशा, आणि त्यातून वगळलेले पदपथ, पार व बाकं

सप्रेम नमस्कार,

आमच्या वस्तीतल्या अंतर्गत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा नकाशा क्षेत्रीय कार्यालयात आम्ही पाहिला. रस्ता एका बाजूच्या कुंपणभिंतीपासून थेट दुसऱ्या बाजूच्या कुंपणभिंतीपर्यंत काँक्रीटचा दाखवला आहे. पिंपळाचा पार 'अडथळा' म्हणून काढायच्या यादीत आहे. बाकंही त्याच यादीत आहेत. पदपथ वेगळा दाखवलेलाच नाही. त्या जागी 'कडेचे पार्किंग' लिहिलं आहे. हा निर्णय आम्हाला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे शहरातल्या इतर वस्त्यांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. असे नकाशे उद्या त्यांच्याही गल्लीचे निघणार आहेत.

आम्ही इथले रहिवासी आहोत. आमच्यातल्या काहींनी रस्त्यांच्या कामांवर, काहींनी इमारत बांधकामात, तर काहींनी झाडांच्या निगराणीत नोकरीची सगळी वर्षं काढली आहेत. काँक्रीटला आमचा विरोध नाही. दरवर्षी खड्डे बुजवण्यापेक्षा एकदा नीट काँक्रीट केलेलं बरं, हे आम्हालाही समजतं. विरोध मोजमापांना आहे. गल्लीत माणसं थांबतात की नुसती निघून जातात, हे बहुतेक वेळा दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फरकावर ठरतं, आणि तो फरक या नकाशात चुकला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1970 च्या सुमारास एकमेकांजवळच्या तीन रस्त्यांची पाहणी केली होती. घरं आणि माणसं साधारण सारखी होती, फरक होता वाहनांचा. दिवसाला सुमारे 2,000 वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे 16,000 वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर हीच सरासरी एकाच्याही खाली, 0.9 वर आली होती. शहर वेगळं, काळ वेगळा. पण कारण आपल्याकडेही तेच आहे. समोरच्या घरी जायला रस्ता ओलांडण्याची भीती वाटली की जाणं कमी होतं, आणि बोलायला उभं राहायला जागा नसली की बोलणं खुंटतं.

आता नकाशातल्या हरकती. सगळ्यात मोठी हरकत पातळीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवायचा असं कामाचं स्वरूप दिलं आहे. त्याला व्हाइट टॉपिंग म्हणतात आणि अशा रस्त्यांवर तो थर साधारण 100 ते 200 मिलिमीटर जाड असतो. आजचा पदपथ रस्त्यापेक्षा 150 मिलिमीटर उंच आहे. डांबर न खरवडता त्यावर 150 मिलिमीटर काँक्रीट ओतलं, की पदपथ आणि रस्ता एका पातळीवर आले. गाडी पदपथावर चढायला कसलीच अडचण उरत नाही. पावसाचं पाणी गटाराकडे जायचं ते फाटकातून आत, तळमजल्याच्या घरांत आणि दुकानांत शिरतं. चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात, मग ती उचलण्याचं वेगळं टेंडर निघतं आणि उचलताना भोवतालचं नवं काँक्रीट फुटतं. म्हणून जुना थर आधी पूर्ण जाडीने काढा. तयार रस्त्याची पातळी आजच्यापेक्षा एक सेंटिमीटरही वर येता कामा नये, आणि ती प्रत्येक फाटकासमोर लेव्हल मशीनने मोजून नोंदवा. मधून कडेला उतार 50 ला 1 ठेवा. पाण्याच्या जाळ्या दर वीस मीटरला हव्यात, आणि त्यांच्या पट्ट्या वाहनांच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या पट्ट्यांत सायकलचं चाक अडकतं.

काँक्रीट ओतण्याआधी रस्त्याच्या आरपार पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, दर तीस मीटरला 160 मिलिमीटरचे दोन, दोन्ही टोकांना छोटे चेंबर. नवा नळजोड, वीज किंवा इंटरनेटची केबल त्यातून जाईल. हे केलं नाही तर वर्षाच्या आत कोणीतरी ब्रेकर घेऊन येतं, चर खोदतं आणि वर मुरूम टाकून निघून जातं. हे सगळ्या शहराने पाहिलेलं आहे.

दुसरी हरकत पदपथाची. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) आयआरसी 103 या मार्गदर्शिकेत निवासी भागातल्या पदपथासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी, 2.2 मीटर मोकळी उंची आणि जास्तीत जास्त 150 मिलिमीटर उंचीची कड सांगितली आहे. जागा नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. जागा आहे. दोन्ही बाजूंना 1.8 मीटरचे पदपथ म्हणजे 3.6 मीटर. त्यांच्या कडेला खांब, विजेच्या डीपी पेट्या आणि बाकांसाठी 0.7 मीटरच्या दोन पट्ट्या, म्हणजे 1.4 मीटर. वाहनांसाठी 5 मीटर, आणि एका बाजूला समांतर पार्किंगची 2 मीटरची पट्टी. बेरीज बरोबर 12 मीटर. या 5 मीटरमधून दोन मोटारी सावकाश एकमेकींना ओलांडतात, अग्निशमन दलाचा बंब जातो, कचऱ्याची गाडीही जाते. पार्किंगची पट्टी काँक्रीटची करू नका. वाळूवर गट्टू बसवा म्हणजे पाणी जमिनीत मुरेल, आणि दर दोन गाड्यांनंतर एक झाड लावायला जागा सोडा.

पदपथ असूनही लोक रस्त्यावरून का चालतात, हे कोणत्याही सोसायटीच्या फाटकाशी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. फाटकाशी मोटार आत घ्यायला पदपथ पूर्ण खाली उतरवलेला असतो, फाटक संपलं की पुन्हा वर. शंभर मीटरमध्ये सात-आठ फाटकं असली तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला तितक्याच वेळा चढ-उतार करावी लागते. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची तर जातच नाही. यावरचा उपाय साधा आहे : पदपथ फाटकासमोरही त्याच पातळीवर सरळ न्यायचा आणि मोटारीसाठीचा उतार फक्त बाहेरच्या 0.7 मीटरच्या पट्टीत द्यायचा. मोटारीने चढावं, माणसाने नाही. पदपथ जिथे संपतो तिथे मात्र 12 ला 1 असा सौम्य उतार हवा. कडेचे लोखंडी खुंट एकमेकांपासून 1.2 मीटरवर ठेवा; त्यातून चाकाची खुर्ची जाते, मोटार जात नाही. दुचाकी जाते हे खरं, तिच्यासाठी दंडाची पावती हाच उपाय. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असं सांगतो, तेव्हा या मागणीला सवलत समजू नये.

आता पिंपळ आणि त्याचा पार. यावर जरा जास्त लिहीत आहोत, कारण नकाशात याला एकच शब्द मिळाला आहे.

हा पार म्हणजे या वस्तीची बैठक आहे. भाजी घेऊन परतणाऱ्या बायका पिशवी टेकवतात ती इथे, शाळेच्या रिक्षाची वाट मुलं बघतात ती इथे, रात्री जेवणानंतर फेरी मारणारे थांबतात ते इथे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला रक्त हवंय, कोणाच्या घरी एकटे वडील आहेत आणि दोन दिवस दिसले नाहीत, हे इथे कळतं. कोणत्याही मोबाइल ग्रुपवर ते इतक्या लवकर कळत नाही.

झाड ठेवून फक्त पार काढणार आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट करणार, असं तोंडी सांगण्यात आलं. तसं केलं तर झाडही राहणार नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी जमिनीच्या वरच्या साठ सेंटिमीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्यांना हवा आणि पाणी दोन्ही लागतं. काँक्रीटने दोन्ही बंद होतं. त्यातच चर खोदताना एका बाजूची जाड मुळं तोडली, की झाड त्या बाजूचा आधार गमावतं. वर हिरवंगार दिसतं आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात मोटारीवर किंवा माणसावर कोसळतं. मग 'झाड धोकादायक होतं' असा अहवाल येतो. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. हा पिंपळ त्याहून जुना आहे. उद्यान विभागाने आधी त्याचं वय आणि घेर नोंदवावा, मगच पथ विभागाने तिथे फावडं लावावं.

पार जसा आहे तसाच ठेवा असंही आम्ही म्हणत नाही. तो चुकीच्या दुरुस्त्यांनी बिघडला आहे. आत माती भरून वर सिमेंटचा कोबा, त्यावर गुळगुळीत फरशी. कोब्यामुळे पाणी आत जात नाही आणि बुंधा फुगला की भिंतीला तडा जातो. फरशी उन्हात तापते, पावसात निसरडी होते. बुंध्याला टेकलेली माती सतत ओली राहून साल कुजवते. दुरुस्ती अशी करावी :

फरशी आणि कोबा छिन्नी-हातोडीने काढा, ब्रेकर लावू नका; हादऱ्याने मुळं सालपटतात. बुंध्यावर चढलेली माती, खोडातून मुळं फुटतात ती जागा दिसेपर्यंत हाताने उकरा. बाहेरची भिंत बुंध्यापासून किमान दीड मीटरवर, घडीव काळ्या दगडाची, 450 मिलिमीटर उंच बांधा. या उंचीवर म्हाताऱ्या माणसाला बसता येतं आणि उठताही येतं. आजचा पार त्याहून बराच उंच झालाय, त्यामुळे आजीआजोबा त्याला टेकून उभे राहतात, बसत नाहीत. भिंतीच्या पायासाठी चर सलग खोदू नका. मनगटापेक्षा जाड मूळ आडवं आलं तर तिथे दगडाची कमान घ्या, मूळ तोडू नका. भिंतीच्या तळाशी दर मीटरला पाणी निघायला भोक ठेवा. बसायचा दगड 450 मिलिमीटर रुंद, वरून टाचलेला, कडा गोल केलेल्या. आतल्या भागात फक्त माती आणि पालापाचोळा. एका बाजूला 900 मिलिमीटर जागा सपाट मोकळी ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतला माणूस इतरांच्या शेजारी थांबू शकेल, समोर वेगळा नाही. भोवती मीटरभर वाट ठेवा. श्रावणातल्या शनिवारी इथे पूजेला आणि प्रदक्षिणेला गर्दी असते. दिवे बुंध्याशी लावल्याने साल भाजते, म्हणून भिंतीतच बाहेरच्या बाजूला एक दगडी कोनाडा करून द्या. लोक तिथे लावतील.

बाकांबद्दल. जी आहेत ती बरीचशी रिकामी असतात हे आम्हाला दाखवून देण्यात आलं, आणि त्यावरून ती नकोत असा निष्कर्ष काढला गेला. ती रिकामी का असतात ते पाहा. काही भिंतीकडे तोंड करून आहेत. काही भर उन्हात आहेत. एका बाकाखाली चिखल आहे. बहुतेकांना हात नाहीत, आणि गुडघे गेलेल्या माणसाला उठायला हात टेकायला आधार लागतो. बाक 430 ते 450 मिलिमीटर उंच, पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेलं, दुपारनंतर सावली येईल अशा जागी असावं. दोन बाकं समोरासमोर किंवा काटकोनात ठेवली तर चार माणसं बोलतात. एका ओळीत ठेवली तर दोन टोकांना दोन अनोळखी माणसं बसतात. कडेपासून अर्धा मीटर आत, खाली पक्की फरसबंदी. बाकाचे पाय 300 मिलिमीटर खोल काँक्रीटच्या ठोकळ्यात बोल्टने पक्के करा, नुसते ठेवलेले बाक सहा महिन्यांत कलतं किंवा नाहीसं होतं. दोन बाकांच्या जागांत दीडशे मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दम लागणाऱ्या माणसाला बाजारापर्यंत चालत जाता येईल की रिक्षा करावी लागेल, हे त्या अंतरावर अवलंबून असतं.

शाळेसमोरचा गतिरोधक. आज तिथे हातभर रुंदीचा, टोकदार उंचवटा आहे. त्यावर दुचाकीवरच्या गरोदर बाईला आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला जो दणका बसतो तो टाळता येण्यासारखा आहे. आयआरसी 99 मध्ये गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी 25 किलोमीटर वेगासाठी. आमची मागणी त्याच्याही पुढची आहे : शाळेच्या दारात पदपथाच्याच पातळीवरचा सपाट ओलांडमार्ग करा, वरची सपाटी किमान 3 मीटर, दोन्ही बाजूंना सौम्य चढ. मूल खाली उतरत नाही, वाहन वर चढतं, म्हणून वाहनच सावध होतं. हे करताना हमखास एक चूक होते : कडेचं पाणी अडतं आणि तिथेच डबकं साचतं. चढाच्या वरच्या अंगाला जाळी आणि खालून 200 मिलिमीटरचा पाइप आधीच ठेवा. आणि चौकातले कोपरे मोठ्या गोलाईचे करू नका. गोलाई मोठी असली की मोटार वेग न कमी करता वळते. अंतर्गत गल्लीला 3 ते 4 मीटर त्रिज्या पुरते.

दिव्यांचं थोडक्यात : उंच खांबांचा उजेड झाडांच्या वर राहतो आणि पदपथावर काळोख. पदपथासाठी 4 ते 5 मीटरचे खांब, पिवळसर उजेडाचे दिवे, आणि एक दिवा पाराजवळ.

भाजीवाल्यांना हटवण्याची तरतूदही या कामात आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार आधी शहर विक्रेता समिती, सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि मग जागा असा क्रम आहे. काम निघालं म्हणून हातगाडी उचलता येत नाही. त्या कायद्याबाहेरही एक गोष्ट आहे. रात्री नऊपर्यंत दिवा लावून बसलेली भाजीवाली असते म्हणून क्लासहून परतणारी मुलगी या गल्लीतून निर्धास्त येते. 0.7 मीटरची पट्टी आणि पार्किंगच्या दोन गाड्यांची जागा मिळून चार हातगाड्या नीट मावतात, चालायचे 1.8 मीटर मोकळे राहून. जागा आखून द्या, एक नळ आणि एक ओल्या कचऱ्याचा डबा द्या.

रविवारी सकाळी 6 ते 9 गल्ली वाहनांना बंद ठेवायची परवानगी आम्ही मागितली होती. मुंबई पोलिसांनी मार्च 2022 मध्ये शहरातल्या काही मोठ्या रस्त्यांवर रविवारी सकाळी असं केलं. पुण्यात डिसेंबर 2021 मध्ये पादचारी दिनाला लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांना मोकळा दिला होता. लक्ष्मी रस्ता थांबवता येतो तर आमची गल्लीही थांबवता येईल. लागतं इतकंच : दोन्ही टोकांना हाताने सरकवता येणारे दोन-दोन अडसर, प्रत्येक टोकाला दोन स्वयंसेवक, आणि रुग्णवाहिकेसाठी मधली 3.5 मीटर वाट कायम रिकामी. साखळी-कुलूप नको, किल्ली नेमक्या वेळी सापडत नाही.

शेवटची हरकत निर्णयाच्या पद्धतीची. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात 2009 मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली. पुण्यात 2006 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवू शकतात. 2022 नंतर पुणे-मुंबईसह अनेक महापालिकांत दीर्घकाळ निवडलेले नगरसेवकच नव्हते. त्या काळात विचारायला माणूस नव्हता, हे आम्ही समजू शकतो. पण नकाशा काढण्याआधी पाराशी एक तास बसून रहिवाशांशी बोलायला कोणताही कायदा आड येत नव्हता.

आमच्या मागण्या :

1. सुधारित नकाशा मंजूर होईपर्यंत या रस्त्याचं काम सुरू करू नये.
2. जुना थर काढून, आजच्याच पातळीवर, आरपार पाइप टाकूनच काँक्रीट करावं.
3. दोन्ही बाजूंना 1.8 मीटर मोकळे, फाटकांसमोरही सलग पदपथ द्यावेत.
4. पिंपळाच्या बुंध्यापासून दीड मीटरच्या आत खोदाई किंवा काँक्रीट करू नये. पाराची दुरुस्ती वर दिल्याप्रमाणे, उद्यान विभागाच्या देखरेखीखाली व्हावी.
5. बाकं, शाळेसमोरचा ओलांडमार्ग आणि विक्रेत्यांच्या जागा याच कामात धराव्यात, 'पुढच्या टप्प्यात' नको.
6. कामाच्या जागी मराठीत फलक लावावा : ठेकेदार, रक्कम, मुदत, दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास ठेकेदाराने ते दुरुस्त करून देण्याची मुदत) आणि जबाबदार अभियंत्याचा कार्यालयीन दूरध्वनी.
7. पंधरा दिवसांत तिन्ही विभागांची रहिवाशांसह संयुक्त पाहणी ठेवावी आणि तिचं इतिवृत्त सर्वांना द्यावं.

आमच्या बाजूने आम्ही नव्या झाडांना तीन उन्हाळे पाणी घालण्याची, रविवारचे स्वयंसेवक देण्याची आणि काँक्रीटवर ओली गोणपाटं चौदा दिवस ओली राहतात की नाही हे रोज पाहण्याची जबाबदारी लेखी घेतो. झाडं मात्र बहावा, ताम्हण, बकुळ, करंज यांतली द्या, आणि रोपं किमान दोन मीटर उंचीची द्या. त्याहून लहान रोप गल्लीत टिकत नाही.

पाहणी सकाळी साडेआठच्या आत ठेवावी ही विनंती. त्यानंतर गाड्या लागतात आणि पदपथाची कड मोजता येत नाही. लेव्हल मशीन आणि मूळ नकाशाची प्रत सोबत आणावी. फाटकांसमोरच्या पातळ्यांची आमची नोंद आम्ही तयार ठेवतो.

आपले,
या रस्त्यावरचे रहिवासी